तिजानी झाडाशी बोलतो

तिजानीने खजुराच्या झाडाला मिठी मारली होती आणि ती प्रेमाची नव्हती. दोन्ही हात, दोन्ही गुडघे, छाती, गाल, अंगाचा जेवढा म्हणून भाग खोडाला चिकटवता येईल तेवढा त्याने चिकटवला होता. डोळे गच्च मिटले होते. उंची म्हणाल तर एवढीच, की पाय जरा लांब केला असता तर खाली काढून ठेवलेली चप्पल त्याला झाडावरूनच घालता आली असती.

आणि हा माणूस नेफ्ता गावच्या खजुराच्या बागांत अठ्ठावीस वर्षं झाडं चढत होता. अनवाणी, दोर नाही, कमरेला फक्त कोयता. गेल्या हंगामात खजूर उतरवताना तोडलेल्या फांदीच्या एका खुंटावर पाय टाकला, खुंट कुजका निघाला, आणि तिजानी तीन मजली घराच्या उंचीवर एका हाताने लोंबकळत राहिला. अल्लाला हाक मारावी की आईला, हे ठरेपर्यंत दुसरा हात कुठेतरी अडकला आणि तो वाचला. खाली येऊन त्याने चहा प्यायला. बायकोला, सालहाला, एवढंच सांगितलं की आज ऊन फार होतं. तेव्हापासून मान वर केली की त्याच्या गुडघ्यांचं पाणी व्हायचं.

सांगणार कुणाला? नेफ्तात माणूस खोटं बोलला तर खपतं, नमाज चुकवला तर खपतं, चाळिशीनंतर दुसरं लग्न करतो म्हणाला तरी चार दिवस हसून लोक गप्प बसतात. पण झाडाला घाबरतो म्हणाला तर त्याने गाव सोडावं हे बरं.

त्यात मार्च महिना. मादी झाडांच्या शेंड्यांना पोया फुटायला लागल्या होत्या. पोय उकलली की आतला पांढरा तुरा बाहेर येतो, आणि त्या तुऱ्यात नर झाडाच्या फुलांच्या काड्या माणसाने वर चढून, स्वतःच्या हाताने खोचाव्या लागतात. वाऱ्यावर सोडलं तर काही होत नाही. दहा-बारा दिवस उशीर झाला तर फळ धरतं ते बिनबियांचं, खुरटं, बकरीही तोंड फिरवेल असलं. बागेत अशी चाळीस मादी झाडं होती. बाग सासूची, हज करून आलेल्या हाज्जा जनातची. तिजानी तिच्या बागेत पाचव्या हिश्श्यावर राबत होता. भिंतीपलीकडच्या बागेतला तौहामी गेली तीन वर्षं हाज्जाला भेटेल तिथे सांगत होता, "हाज्जा, जावयाचं वय झालं आता. बाग माझ्याकडे दे, बघ कशी राखतो."

हाज्जाचा घोटा मुरगळला होता, म्हणून ती पंधरा दिवस घरातच होती. एवढीच काय ती तिजानीवर अल्लाची मेहेरबानी. पण रोज दुपारी सालहा भरलेली भाकरी घेऊन यायची आणि भाकरीबरोबर आईचा प्रश्न आणायची.

"आई विचारतेय, किती झाडं झाली?"

"वारा आहे."

"वारा कालही होता."

"काल दुसरा वारा होता."

"मग आईला काय सांगू?"

"सांग, नराच्या फुलांत ओल आहे अजून. वाळू दे म्हणावं."

ओल-बिल काही नव्हती. बागेतल्या एकमेव नर झाडाची फुलं त्याने मागच्या आठवड्यात शिडी लावून काढली होती. ते झाड बुटकं होतं आणि तरीही शिडीवर तो दोनदा थांबून कलमा पढला होता. त्या फुलांच्या काड्या घराच्या सावलीत चटईवर पसरून ठेवल्या होत्या. तयार, पिवळ्याधमक, हात लावला की भुकटी उडणाऱ्या.

त्याच सुमारास बागेच्या टोकाच्या जुन्या खोल्यांत इनेस उतरली. बरोबर आठ माणसं. इनेस राजधानीतली. तिने हाज्जाकडून खोल्या आठवड्यासाठी घेतल्या होत्या, 'हळू जगण्याच्या शिबिरा'साठी. माणसांनी मोबाइल टोपलीत जमा करायचे, अनवाणी चालायचं, एक खजूर वीस वेळा चावायचा, मातीचं काहीतरी करायचं, पानांचं काहीतरी विणायचं. नेफ्तातली माणसं पिढ्यानपिढ्या हळू जगत आली, कारण घाई करण्याजोगं त्यांच्याकडे काही येतच नव्हतं. तेव्हा त्याला दारिद्र्य म्हणायचे. राजधानीतल्या माणसांनी त्याला चांगलं नाव ठेवलं आणि आठवडाभर ते भाड्याने घेतलं. असो.

तर तिजानी त्या सकाळी झाडाला चिकटला होता तो असा. सात दिवस टाळल्यावर निदान एक झाड तरी करावं म्हणून बिस्मिल्ला म्हणत निघाला होता आणि चपलेच्या उंचीवर गोठला होता. हात सुटेनात. तेवढ्यात मागे पावलं वाजली.

"श्श," बाईचा आवाज आला. "कुणी बोलू नका. बघा."

तिजानीने एक डोळा उघडला. नऊ माणसं अर्धगोलात उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

"हा माणूस काय करतोय, सांगा बरं?" इनेस कुजबुजली.

"चढतोय?" एक टकलू म्हणाला. हा स्लीम, बँकेतला मोठा साहेब होता आणि अनवाणी चालून त्याच्या पायांना तीन ठिकाणी पट्ट्या लागल्या होत्या.

"नाही, सी स्लीम. चढायचं असतं तर चढला असता. तो झाडाचं ऐकतोय. झाडाने हो म्हटल्याशिवाय हे लोक पाय उचलत नाहीत." आणि मग तिजानीला, तोच अदबीचा 'सी' लावून, हळूच, "होय ना, सी तिजानी?"

आता इथे खरं बोलायला हरकत नव्हती. शहरातली माणसं, आठवड्याने जाणारी. पण भिंतीपलीकडे तौहामीच्या कुदळीचा आवाज येत होता, आणि भिंत जेमतेम छातीएवढी.

"हं," तिजानी म्हणाला.

"किती वेळ ऐकावं लागतं?"

"झाडावर आहे," तिजानी म्हणाला. यात तेवढं तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत आला तर आठ झाडांना आठ माणसं चिकटलेली. डोळे मिटलेले, गाल खोडाला. खजुराचं खोड म्हणजे काही साबण नव्हे. तोडलेल्या फांद्यांचे खुंट करवतीसारखे असतात. एका बाईचा गाल सोलवटला होता आणि ती धन्य झाल्यासारखी हसत होती. स्लीम एका झाडाला पुन्हा पुन्हा विचारत होता, "काय म्हणालास? जरा मोठ्याने."

भिंतीवरून तौहामीचं डोकं वर आलं.

"तिजानी! काय चाललंय हे?"

"पाहुणे आहेत."

"ते दिसतंय. झाडांना का लटकलेत?"

"शिकतायत."

"आणि तुझ्या पोया? माझी तीस झाडं झाली. तुझी पांढरी पडायला लागली की वर."

"मी सावकाश करतो," तिजानी म्हणाला. "आमच्याकडे आता सावकाश पद्धत आहे."

तौहामीने त्याच्याकडे असं बघितलं की तिजानीने ओळखलं, हा आता सरळ हाज्जाकडे जाणार. त्या भीतीने तो झाडाकडे वळला, तीन खुंट चढला आणि तिथे थिजला. खाली इनेस म्हणाली, "बघा, आज झाडाने त्याला तीन पावलं दिली." आणि सगळ्यांनी मान डोलावली.

असे आणखी दोन दिवस गेले. रात्री झोप नाही, सकाळी तोंडात चव नाही. सालहाला वाटलं नवऱ्याला कुणाची नजर लागली. तिने उशीखाली मीठ ठेवलं. तिजानीने उशीच काढून टाकली, कारण त्याला आता उशीचीसुद्धा भीती वाटायला लागली होती. तीसुद्धा जमिनीपासून वीतभर वर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मनाशी पक्कं ठरवून आला. आज नाहीतर कधी नाही. काड्या कमरेला बांधायच्या, डोळे मिटायचे आणि वर. सावलीत गेला तर चटई रिकामी. पिवळी भुकटी तेवढी राहिली होती, बोटांचे ठसे उमटलेली.

खोल्यांच्या अंगणातून हसण्याचे आवाज येत होते. तो धावला. तिथे आठही माणसं मांडी घालून बसली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक मुकुट होता. नर फुलांच्या काड्या वेणीसारख्या गुंफून, मध्ये मध्ये पाती खोचून केलेले. स्लीमच्या टकलावरून पिवळी भुकटी भुवयांपर्यंत ओघळली होती आणि तो एकामागून एक शिंका देत होता.

"सी तिजानी!" इनेस उठून म्हणाली. "आज निर्मितीचा दिवस. ही वाळलेली फुलं तुम्ही आमच्यासाठी काढून ठेवली होती ना? किती बारकाईने पसरली होती! तुमच्यासाठीही एक केलाय."

आणि तिने तो त्याच्या डोक्यावर ठेवला.

तिजानीचं काळीज आधी लक्कन हललं. मग हळूहळू, पाणी पाटात शिरावं तसा एक विचार त्याच्या डोक्यात शिरला. नराची फुलं गेली. फुलं नाहीत म्हणजे चढणं नाही. चूक पाहुण्यांची. पाहुणे हाज्जाचे. खोल्या तिनेच दिल्या! त्याने एक खोल श्वास घेतला, पंधरा दिवसांतला पहिला. मुकुट सरळ केला. इनेसने दिलेला चहा प्यायला. एक खजूर तोंडात टाकला आणि चक्क वीस वेळा चावायला घेतला.

अठराव्या चाव्याला फाटकाशी गाढव ओरडलं. गाढवाच्या गाडीत, पाय उशीवर ठेवून, हाज्जा जनात बसली होती. मागून मान खाली घालून सालहा येत होती. आणि भिंतीवर कोपरं टेकून तौहामी उभा होता, शांतपणे, लग्न बघायला आल्यासारखा.

हाज्जाने आधी वर बघितलं. चाळीस झाडांवर चाळीस उघड्या पोया. मग तिने खाली बघितलं.

"तिजानी."

"हाज्जा, बरा आहे का घोटा?"

"डोक्यावर काय आहे?"

तिजानीचा खजूर घशात अडकला. इनेस पुढे झाली.

"हाज्जा, हा आमचा उपक्रम आहे. निसर्गाशी नातं जोडायचं, स्वतःच्या हातांनी..."

"बाई," हाज्जा म्हणाली, "ती नराची फुलं आहेत. माझ्या चाळीस बायका वर वाट बघत बसल्यात, आणि त्यांचा नवरा तुम्ही डोक्यावर घेऊन नाचताय?"

भिंतीवर तौहामी खुदकन हसला. इनेसचा समजावायला पुढे केलेला हात तिथेच राहिला. स्लीमने शिंकेच्या मध्येच मुकुट काढला आणि बँकेत टोपी काढून अदबीने उभं राहावं तसा उभा राहिला.

"काढा सगळ्यांनी," हाज्जा म्हणाली. "गाठी सोडवा. एक काडी मोडली तर बघा. सालहा, फडका पसर. ती भुकटीसुद्धा झटकून घे. या टकलूचं डोकंही पूस, त्याच्यावर दोन झाडांचं काम आहे."

अर्ध्या तासात निर्मिती सगळी उसवली गेली. हळू जगणाऱ्या माणसांची बोटं इतकी भराभर चाललेली आठवड्यात कुणी पाहिली नव्हती. काड्यांचा भारा फडक्यात बांधून हाज्जाने तो तिजानीपुढे धरला.

"चढ."

"हाज्जा, वारा..."

"तिजानी, मी तोंड उघडायच्या आत चढ."

माणसाला एका वेळी एकच भीती पुरते. वर झाड होतं, खाली हाज्जा होती, आणि भिंतीवर तौहामी टपून होता. तिजानी चढला. खुंट पायाला टोचत होते, ते त्याला कळलं नाही. मध्ये थांबायचं असतं हेसुद्धा तो विसरला. शेंड्याला पोचला, काटे बाजूला केले, पोय फाकली, काड्या तुऱ्यात उलट्या खोचल्या, पानाची पट्टी सोलून बांध घातला. हात अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने चालले. छान झालं. अगदी छान. आणि मग त्याने, काम कसं झालं हे सांगायला म्हणून, खाली बघितलं.

खाली गाढव उंदराएवढं दिसत होतं.

त्याने शेंडा कवटाळला. पाय खाली सोडायचा म्हणजे कुठे? कुठला खुंट धड आणि कुठला कुजका? त्याच्या तोंडातून पंधरा दिवस दाबून ठेवलेलं, नव्हे, सहा महिने दाबून ठेवलेलं ते, सबंध बागेवर फुटलं.

"मला भीती वाटतेय!"

मग खालून इनेसचा गहिवरलेला आवाज आला, "ऐकलंत? झाडावर जाऊन तो मोकळा झाला. चला, आपणही."

आणि स्लीमने छाती भरून घेतली आणि बोंब मारली, "मला भीती वाटतेय! मला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायची भीती वाटतेय!"

"मला माझ्या आईची भीती वाटतेय!" गाल सोलवटलेली बाई ओरडली.

"मला एकटं जेवायची भीती वाटतेय!"

"मला नवऱ्याच्या गप्प बसण्याची!"

"मला," इनेस स्वतःच म्हणाली आणि तिचा आवाज जरा खऱ्यासारखा चिरकला, "मला तुम्ही सगळे कंटाळाल याची फार भीती वाटतेय!"

वर तिजानीला वाटलं की हे आपली टर उडवतायत. तो आणखी जोरात ओरडला. ते आणखी जोरात ओरडले. गाढवही ओरडलं.

"तोंडं बंद!" हाज्जा म्हणाली, आणि ती बंद झाली. तिने सालहाचा खांदा धरला, लंगडत लंगडत झाडाच्या बुंध्याशी आली आणि मान वर न करता, खोडाकडे बघत, खड्या आवाजात सुरू झाली.

"ए गाढवा! उजवा पाय खाली घे. आणखी. आणखी, मेल्या, तुझा पाय आहे की बकरीची शेपटी? हां. तिथे. डावा आता. तो नव्हे, तो कुजलाय, त्याच्या उजवीकडचा! डोळे आहेत की बटणं? टेक. जोर दे. श्वास घे, आळशा, श्वासाला काही पडत नाही."

तिजानीचा पाय आवाजामागे निघाला. शिवी आली की पाय, शिवी आली की पाय. बघायची गरजच नव्हती. तिला प्रत्येक खुंट ठाऊक होता. ती खोडाला हात लावून, नुसत्या अंदाजाने, पंधरा हात वरचं सांगत होती. अधूनमधून ती आवाज एवढा खाली आणायची की तो भिंतीपर्यंत जाऊ नये.

"घाबरायचं नाही असं म्हणत नाही मी. घाबर. पण पाय टाक."

तो पुरुषभर उंचीवर आला तेव्हा ती पुटपुटली, "तुझा सासरा. तीस वर्षं. प्रत्येक झाड असंच उतरला. गाव म्हणायचं, जनात नवऱ्याला झाडावर चढवते आणि खाली उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरते. म्हणू दे. तो धडधाकट म्हातारा होऊन बिछान्यात मेला."

तिजानीचे पाय जमिनीला लागले. त्याला रडावंसं वाटलं, पण सालहा बघत होती. तिने त्याच्या हातातले काटे काढायला घेतले.

"हाज्जा!" भिंतीवरून तौहामी ओरडला. त्याचे डोळे चमकत होते. "तिजानी काय ओरडत होता? भीती-बिती म्हणत होता का?"

सगळ्यांनी हाज्जाकडे बघितलं. तिजानीने जमिनीकडे.

"हे शिबिरवाले ओरडत होते," हाज्जा म्हणाली. "ऐकलं नाहीस? शहरातली माणसं, त्यांना असलं लागतं. त्यांना ओरडायला शिकवायला मीच याला वर पाठवला होता."

"मग तू का एवढ्या शिव्या देत होतीस त्याला?"

हाज्जाने पदर सावरला, एक सुस्कारा टाकला आणि नेफ्ताच्या निम्म्या बागांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय सांगू तौहामी! जावई आळशी मिळालाय. नुसता आळशी. ढकलल्याशिवाय हलत नाही. पण सांभाळून घ्यावं लागतं, पोरीचा संसार आहे!"

जावई आळशी आहे हे सासूच गावभर ओरडून सांगत होती आणि तरी बाग त्याच्याकडेच ठेवत होती. तौहामीला चुगली करायला काही उरलं नव्हतं. त्याचं डोकं हळूहळू भिंतीखाली गेलं.

तिजानीने काड्यांचा फडका उचलला, दुसऱ्या झाडाशी गेला, बिस्मिल्ला म्हणाला. चार खुंट चढून त्याने मागे वळून बघितलं.

"हाज्जा, आवाज जरा वाढव. वर ऐकू येत नाही."

"वाढवते, मुडद्या! चढ!"